बाहीवरचा निळा डाग

टाचणीचं खरं नाव तिच्या सुनेलाही चटकन आठवत नसे. पुढे दवाखान्यातल्या कागदावर नातेवाईक म्हणून ते लिहायची वेळ आली तेव्हा सून पेन हातात धरून क्षणभर तशीच उभी राहिली. शाळांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात टाचणीनं बत्तीस वर्षं काजं केली. सदऱ्याला सात, मुलींच्या झग्याला चार, पँटला एक. ओठांत सतत दोन-तीन टाचण्या धरलेल्या, त्यामुळे बोलणं कमी, आणि बोललीच तर टोचणारं. नाव तिथं पडलं आणि तिच्या आधी घरी पोहोचलं. नवरासुद्धा तिला टाचणीच म्हणायचा.

बोटांची पेरं आखडायला लागली तेव्हा तिनं काम सोडलं. महिनाभरात घरातल्या प्रत्येकाला वाटायला लागलं की बाई कारखान्यात होती तेच बरं होतं. डबे पुसून झाले, पडदे उसवून पुन्हा शिवून झाले, शेजारणीच्या पोराच्या सदऱ्याची काजं वाकडी आहेत हे त्या पोराला दोनदा सांगून झालं. शेवटी सुनेनं एके दिवशी पावतीच तिच्यापुढं ठेवली. शनिवारी दुपारचा चित्रकलेचा वर्ग, फी भरलेली, आता नाही म्हणता येणार नाही. सून पहाटेच बेकरीत कामाला जायची आणि दिवस कलल्यावर परतायची, मुलगा नोकरीनिमित्त परगावी. सासूला कुठंतरी गुंतवणं तिला भाग होतं.

वर्ग हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. शिकवणाऱ्याला सगळे पेंटर म्हणत. जन्मभर त्यानं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. छापील फलक आले आणि त्याचा धंदा बसला, तेव्हा तो शिकवायला लागला. त्याच्याकडे शिकायला सहाजणी येत आणि एक निवृत्त पोस्टमन. पेंटरनं पहिल्याच दिवशी सांगितलं की पेस्टल म्हणजे नुसती दाबून कांडी केलेली रंगाची पूड, तिच्यावर जोर करायचा नाही. कागदाची खरखरीत बाजू वर घ्यायची, खडू आडवा धरायचा, गडद रंग आधी आणि उजळ शेवटी. सांडलेल्या पुडीवर फुंकर घालायची नाही, ती छातीत जाते. कागद लावलेली फळी उचलून बाहेर न्यायची आणि मागून टिचकी मारायची. पुरं झालेल्या चित्राला बोट लावायचं नाही, कारण रंग कागदाला जेमतेम धरून असतो, बोटाला लगेच येतो. आणि प्रत्येक चित्राच्या पाठीवर तारीख घालायची.

हे सगळं टाचणीला पटलं. कारखान्यातही प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी असायची. पण त्यापुढं पेंटर जे म्हणाला त्यानं ती अस्वस्थ झाली. तो म्हणाला, "बाई, जे माहीत आहे ते काढू नका. जे दिसतंय तेवढंच काढा."

दिसतं तेच तर काढतोय, असं तिला वाटलं. मग तिनं आपलं चित्र पाहिलं. टेबलावरच्या बाटलीचा तळ तिनं सरळ रेषेत काढला होता, कारण बाटली सपाट टेबलावर उभी असते हे तिला माहीत होतं. दिसत होता तो गोलसर. बत्तीस वर्षं जिनं कापडातला एक तिरका धागासुद्धा सोडला नाही, तिला बाटलीचा तळ दिसला नव्हता. त्या दिवशी ती घरी आली ती मान खाली घालून.

पण हट्टाला पेटली. महिनाभर बाटल्या आणि भांडी काढून झाल्यावर पेंटरनं विचारलं, घरात माणसं नाहीत का. तेव्हापासून घरातल्या कुणाचीच सुटका राहिली नाही. सून केस पुसायला बसली की हिची फळी पुढं. नातीचे चिखलाचे बूट, त्यातला एक आडवा पडलेला. स्वयंपाकघरातली खुर्ची, तिच्या पाठीवर टाकलेला टॉवेल. नातीला सगळे भुंगी म्हणत, कारण ती गप्प बसलेली कुणी पाहिली नव्हती, आणि तिला कागदावर उतरवायचं तर ती झोपल्यावरच जमायचं. घरभर खडूंची पूड झाली. बेसिनला केशरी, दाराच्या कडीला हिरवी, एकदा तर मीठसुद्धा जांभळं निघालं. कुणाच्या कपड्यावर काही डाग दिसला की बोट टाचणीकडे. "आजीचा खडू," भुंगी जाहीर करायची, आणि खटला तिथंच निकाली निघायचा.

सगळ्यात जास्त चित्रं तिनं नवऱ्याची काढली. तो हलत नसे हे पहिलं कारण. दुसरं कारण तिनं कुणाला सांगितलं नसतं. त्याच्याकडे इतका वेळ टक लावून बघायला तिला लग्नानंतर पहिल्यांदाच निमित्त मिळालं होतं.

त्याचं नाव पायलट. अठ्ठावीस वर्षं तो एकाच शाळेची बस चालवत होता. रोज गाडी सुरू करण्याआधी मागं न बघता मोठ्यानं विचारायचा, "सगळे बसले? विमान सुटतंय," आणि चाळीस पोरं ओरडून उत्तर द्यायची. नाकासमोर चालणारा माणूस आणि तशीच त्याची गाडी. इतक्या वर्षांत बसला ओरखडासुद्धा नाही, ही त्याच्या आयुष्यातली एकच फुशारकी, आणि ती तो कुणालाही, अगदी दूधवाल्यालाही ऐकवायचा. भुंगी त्याच्याच बसनं जायची.

थंडी पडायच्या आधीची गोष्ट. पायलट जेवत होता, खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी ताटावर पडली होती, पांढरा भात आणि हिरवे वाटाणे झळाळत होते. टाचणी म्हणाली, "अहो, थोडं राहू द्या ना ताटात. मला काढायचंय." तो हसला. दोन घास भात आणि चार वाटाणे ठेवून उठला. ते चित्र पेंटरला आवडलं. रिकाम्या ताटाच्या एका कडेला उरलेलं अन्न, बाकी सगळी जागा मोकळी. बाई, तुम्हाला आता जागा सोडायला कळायला लागली, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला, आणि टाचणी आठवडाभर हवेत होती.

पुढे थंडीत एके दिवशी न सांगताच पायलटच्या ताटात अर्धा भात उरला. मग परत उरला. मग जवळजवळ रोज. अर्धं ताट स्वच्छ पुसल्यासारखं आणि अर्धं जसंच्या तसं, मधून सुरीनं कापल्यासारखी रेघ. टाचणीला भरून आलं. माणूस बोलत नाही, कधी चार कौतुकाचे शब्द काढत नाही, पण बायकोच्या चित्रासाठी अर्धपोटी उठतो. तिनं त्याला विचारलंही नाही. विचारलं तर लाजेल आणि बंद करेल, असं तिला वाटलं. तो उठला की त्याच्याच खुर्चीत बसून तिनं त्या ताटांची चित्रं काढली. वर्गात सांगितलं, आणि बाकीच्या बायका म्हणाल्या की आमचा तर ताटाबरोबर टेबलही खाईल. पोस्टमन म्हणाला, नशीबवान आहात.

माणूस ज्यावर खूश असतो ते तपासून बघत नाही. टाचणीही माणूसच.

त्याच सुमाराला पायलटच्या डाव्या बाहीवर निळा डाग यायला लागला. त्याचा सदरा फिकट राखाडी, त्यामुळे डाग उठून दिसायचा. खांद्याच्या खाली, कोपराच्या वर, पसरट आणि पुसट. धुतला की जायचा, दुसऱ्या दिवशी हजर. आजीचा खडू, भुंगीनं निकाल दिला. पायलटही कुरकुरला की तुझ्या रंगांपायी शाळेत पोरं हसतात मला. टाचणीनं माफी मागितली आणि चित्रात तो डागसुद्धा काढला, कारण जे दिसतंय ते काढायचं होतं.

पाण्याचा पेला दोनदा कलंडला. एकदा तो एकाच पायात चप्पल घालून फाटकापर्यंत गेला आणि भुंगी हसून हसून लोळली. तोही हसला. बसचा डावीकडचा आरसा वाकला, तेव्हा तो दोन दिवस धुमसत होता. रात्री शाळेच्या आवारात कुणीतरी गाडी घासली असणार, वॉचमन झोपा काढतो. चित्रासाठी बसला की मान जराशी उजवीकडे वळलेली. टाचणी सांगायची, सरळ बघा. तो म्हणायचा, सरळच बघतोय. मग तीही तशीच काढायची. आता हे सगळं एका दमात सांगितलं की कुणालाही कळेल. पण घरात गोष्टी अशा एका दमात घडत नाहीत. एक पेला आज कलंडतो आणि पुढचा तीन आठवड्यांनी, आणि मधे सुनेला ताप येतो, भुंगीचा दात पडतो, नळ गळतो.

पेंटरनं वर्गाचं छोटं प्रदर्शन ठरवलं. प्रत्येकानं आठ चित्रं निवडून आणायची होती. शनिवारी टाचणी आपला गठ्ठा घेऊन गेली आणि पेंटरनं सगळी चित्रं तारखेप्रमाणं खोलीच्या फरशीवर ओळीनं मांडायला लावली. तो ओळीच्या कडेकडेनं चालत गेला, परत आला आणि एका चित्राशी उकिडवा बसला. पायलट खुर्चीत बसलेला, हात मांडीवर. पेंटरनं विचारलं की बाहीवर हा निळा कशाला घातला, इथं सावली नाही आणि जवळ निळी वस्तूही नाही. टाचणीनं सांगितलं की तो डाग आहे, माझ्याच खडूचा. पेंटर पाट्या रंगवणारा माणूस, त्याला रंग म्हणजे माणसांसारखे ओळखू यायचे. तो म्हणाला, "तुमच्या डबीत तीन निळे आहेत. हा त्यातला एकही नाही. हा तुम्ही त्या दिवशी माझ्या डबीतून मागून घेतला होता."

खरंच होतं. त्या डागाचा निळा तिच्याजवळ नव्हता, म्हणून तिनं पेंटरचा खडू मागितला होता. जो रंग डबीत नाही तो नवऱ्याच्या बाहीवर कसा, हे मात्र तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती फरशीवरच्या ओळीकडे बघत राहिली. थंडीतल्या सहा चित्रांत ताट, आणि सहाही ताटांत उरलेलं अन्न डावीकडे. नेहमी डावीकडे. थंडीआधीच्या त्या पहिल्या चित्रात मात्र ते उजव्या कडेला होतं. तेवढं एकच.

तिनं चित्रं गोळा केली आणि निघाली. रस्त्यात ती भरभर चालत होती, आणि का ते तिला अजून नीट सांगता आलं नसतं.

त्यांच्या घराला पुढच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत एक अरुंद बोळ होता. त्याच्या भिंती चुन्यात नीळ घालून रंगवलेल्या, हात लावला की हाताला येणाऱ्या. टाचणीनं बोळातला दिवा लावला आणि ते चित्र भिंतीला लावून धरलं. रंग तोच. मग तिला भिंतीवरचा पट्टा दिसला. पायलटच्या दंडाच्या उंचीला, दारापासून आतपर्यंत, रंग घासून घासून पार गेला होता. तसाच समोरच्या भिंतीवर. दोन्ही भिंतींवर पट्टा, पण सदऱ्याची बाही मात्र फक्त डावी निळी. तिनं स्वतः चालून पाहिलं. आत येताना डावा खांदा या भिंतीला, बाहेर जाताना डावा खांदा त्या भिंतीला. तो रोज भिंतीला घासत जात होता, येता-जाता, आणि त्याला ते लागतही नव्हतं.

मग तिला बसचं दार आठवलं. पोरं बसमध्ये डावीकडून चढतात आणि डावीकडून उतरतात.

आजवर काही झालं नव्हतं याचं एकच कारण होतं. बसमध्ये एक ताई असायची. ती दाराशी उभी राहून पोरं मोजायची, शेवटचं पोर आत आलं की पत्र्यावर थाप मारून "चला" म्हणायची, आणि तिची थाप ऐकूनच पायलट गाडी हलवायचा. ती ताई सोमवारपासून पंधरा दिवस रजेवर जाणार होती. पायलटनंच परवा सांगितलं होतं की शाळेनं बदली माणूस दिला नाही, काही हरकत नाही, अठ्ठावीस वर्षांत मी काय ताईच्या जिवावर गाडी चालवली का.

रविवारी सकाळी तिनं त्याला गाठलं. ती घाबरलेली होती, आणि घाबरली की ती जास्तच टोचायची, त्यामुळे सुरुवातच बिघडली. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही, उद्या बस चालवायची नाही, असं तिनं तोंडावर फेकलं. पायलट आधी हसला. मग चिडला. त्याला खरोखरच काही जाणवत नव्हतं, आणि हेच टाचणीला सगळ्यात भयंकर वाटलं. लपवणारा माणूस कुठंतरी नजर चुकवतो. हा तिच्याकडे सरळ, स्वच्छ नजरेनं बघत होता. दर वर्षी डोळे तपासतात, आठ महिन्यांपूर्वीच तपासले, कागद आहे माझ्याकडे, तो म्हणाला. आणि तिची खात्री पटावी म्हणून तो खोलीच्या या टोकाला उभा राहिला आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवरचे आकडे मोठ्यानं वाचायला लागला.

"चार, पाच, सहा, सात," त्यानं वाचलं. "अकरा, बारा, तेरा, चौदा. अठरा, एकोणीस, वीस, एकवीस."

आवाज ठणठणीत, एक आकडा चुकला नाही. प्रत्येक ओळीतले पहिले तीन मात्र त्यानं वाचलेच नाहीत. टाचणीनं ते सांगितलं, तेव्हा तो म्हणाला की सगळं कशाला वाचत बसू, तुला पटावं इतकं वाचलं. आणि मग तो शांतपणे जे बोलला ते तिला फार लागलं.

"तू घरी बसलीस म्हणून आता मलाही बसवायचंय का?"

शाळेच्या कचेरीत तिनं फोन लावला. रविवार, कुणी उचलला नाही. बसची चावी वॉचमनकडे असायची, नाहीतर तिनं ती गटारात टाकली असती. सून बेकरीतून संध्याकाळी येणार. आणि सुनेनं सांगून तरी तो ऐकणार होता थोडाच. उद्या सकाळी सात वाजता बस फाटकाशी येणार होती, आणि डाव्या दारानं सात पोरं चढणार होती, त्यात एक भुंगी.

दुपारी पायलट झोपला तेव्हा टाचणीनं फळी काढली. घरातला सगळ्यात मोठा कागद लावला. तिला एवढं कळलं होतं की सांगून उपयोग नाही. दाखवलं पाहिजे, तेही असं की त्याला हुज्जत घालता येऊ नये. फाटकाशी उभी असलेली बस ती गेली सहा वर्षं रोज सकाळी बघत आली होती. ती तिनं कागदाच्या उजव्या बाजूला काढली, पिवळी, दार उघडं. दारापासून डावीकडे पोरांची रांग. चष्मेवाला, सगळ्यात पुढं. मग त्या दोघी जुळ्या. मग डब्याची पिशवी जमिनीवर घासत नेणारा ढोल्या. मग दोन नवी पोरं. आणि सगळ्यात शेवटी, कागदाच्या डाव्या कडेशी, भुंगी. लाल स्वेटर, एक वेणी सुटलेली. भुंगीला तिनं समोर उभी केली आणि त्या दिवशी ती पोर, देव जाणे का, एक शब्द न बोलता अर्धा तास उभी राहिली. स्वेटरचा लाल टाचणीनं इतका दाबून भरला की खडूचा तुकडा पडला. पेंटर ओरडला असता.

संध्याकाळी चहा झाल्यावर, सून घरी आल्यावर, तिनं फळी टेबलावर त्याच्यासमोर उभी केली. सकाळचं भांडण मिटवायला काढलंय असं वाटून तो खूश झाला. बस ओळखून तर अधिकच.

"छान जमलीय," तो म्हणाला. "चाकसुद्धा बरोबर काढलंस."

"पोरं मोजा," टाचणी म्हणाली.

त्यानं बोटानं, कागदाला न लावता, मोजली. चष्म्या, जुळ्या दोघी, ढोल्या. चार. ढोल्याची पिशवी बघून त्याला हसू आलं. टाचणीनं विचारलं, भुंगी कुठाय.

तो चित्राकडे बघत राहिला. मग सहज म्हणाला, "त्या दिवशी आली नसेल. सर्दी झाली असेल तिला, घरी ठेवली असेल तुम्ही."

सुनेनं हातातला कप खाली ठेवला. तिनं सासूकडे पाहिलं आणि तिला सगळं एकदम कळलं.

भुंगी पायलटच्या मागं उभी होती. ती पुढं आली आणि तिनं कागदाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. "आजोबा, मी आहे की. ही काय, लाल स्वेटर."

"कुठं?" पायलटनं विचारलं. त्यानं आवाजाच्या दिशेनं पाहिलं, म्हणजे पाहायचा प्रयत्न केला, आणि मान पुन्हा उजवीकडे आली. "कुठं गं?"

टाचणीनं फळी दोन्ही हातांनी धरली आणि हळूहळू उजवीकडे सरकवली. वीतभर. आणखी वीतभर. आधी ती दोन नवी पोरं आली. मग लाल स्वेटर आला. पायलटचा चेहरा तिनं शंभर वेळा कागदावर उतरवला होता, पण तो असा झालेला तिनं कधी पाहिला नव्हता. एखाद्यानं रिकाम्या खोलीत पाऊल टाकावं आणि आत आपलीच माणसं बसलेली असावीत, तसा. त्यानं हात पुढं केला आणि भुंगीच्या स्वेटरला बोट लावलं. लाल रंग बोटाला आला. बोटाकडे तो कितीतरी वेळ बघत राहिला.

मग त्यानं विचारलं, कधीपासून. टाचणीनं गठ्ठा आणला. पाठीवरच्या तारखा वाचत गेली आणि बाहीवर निळा डाग असलेलं सगळ्यात जुनं चित्र तिनं वर ठेवलं. चौदा आठवडे. चौदा आठवडे ती रोज त्याच्यासमोर बसून हे कागदावर उतरवत होती आणि तिला ते दिसलं नव्हतं. तिनं तसं सांगितलं. माझीच चूक, असं म्हणाली, आणि तिला रडू आलं. त्यानं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो ओठ हलवत काहीतरी पुटपुटत होता. रोजच्या थांब्यांची नावं होती ती, एकामागून एक, आणि प्रत्येक नावापाशी तो थांबत होता.

त्यानं स्वतःच शाळेच्या व्यवस्थापकाच्या घरी फोन लावला. उद्यापासून गाडी दुसऱ्याला द्या, म्हणाला. कारण विचारलं तेव्हा म्हणाला, मला पोरं दिसत नाहीत.

नंतर दोघंच टेबलाशी उरली तेव्हा त्यानं ताटांची चित्रं मागून घेतली. एकेक उजवीकडे सरकवून पाहिलं. टाचणी म्हणाली की मला वाटायचं माझ्यासाठी ठेवता. मग त्यानं पहिलं चित्र शोधून काढलं, दोन घास भात आणि चार वाटाण्यांचं.

"हे ठेवलं होतं," तो म्हणाला. "हे एक तुझ्यासाठीच होतं."

सोमवारी दवाखान्यात जायचं होतं. तिथं डॉक्टर सांगणार होते की डोळे शाबूत आहेत, थंडीत केव्हातरी मेंदूतली एक बारीक नस बंद पडली आणि डावीकडचं जग तिच्याबरोबर गेलं. थोडं परत येईल, सगळं नाही, आणि असा झटका पुन्हा येऊ शकतो. पण सकाळी हे कुणाला माहीत नव्हतं. सात वाजता बस फाटकाशी आली, नवा ड्रायव्हर होता. भुंगीनं बसमध्ये चढायला साफ नकार दिला. मग तिघं चालत निघाली, आधी शाळा आणि तिथून दवाखाना; सून बेकरीतून थेट तिथंच येणार होती.

भुंगीनं सवयीनं आजोबांचा डावा हात धरला होता आणि तिची टकळी चालू होती. वळणावर ती मधेच गप्प झाली, बुटाची नाडी सुटली म्हणून खाली बघत. पायलट थांबला. त्यानं उजवीकडे पाहिलं, मागं पाहिलं, रस्त्यापलीकडे पाहिलं. "भुंगी?" त्यानं हाक मारली. हात त्याच्या हातातच होता.

टाचणीनं नातीचा हात सोडवला आणि तिला त्याच्या उजव्या बाजूला नेऊन उभी केली. आता दिसतेस, तो म्हणाला. मग टाचणी त्याच्या डाव्या बाजूला आली, जिथं ती त्याला दिसत नव्हती, त्याच्या बाहीवरचा निळा तिनं हातानं झटकला, आणि त्याला चिकटून चालायला लागली.